मागच्या रांगेतून : हशा कुठे पिकतो?

प्रश्न : मुलाने माझ्या एकसष्टीला स्टँडअपचं तिकीट काढलं. दीड तासात मी दोनदा हसले, तेही शेजारची पोरगी हसत होती म्हणून. नाटकांचं साउंड सांभाळण्यात तुमचं आयुष्य गेलंय, म्हणून विचारते. यातलं कोण तुम्हाला आवडतं? आणि माणूस विनोदी होतो तो नेमका कशाने?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, पहिलं नाव लक्ष्मण देशपांडे. तेव्हा त्याला एकपात्री म्हणायचे, पण एकटा माणूस, एक माईक आणि समोर भरलेलं थिएटर, मग दुसरं काय वेगळं असतं? औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटा बावन्न पात्रं करायचा. गिनेस बुकात नोंद झाली, ते असो. मला कौतुक वेगळंच वाटतं. पहिल्यांदा विमानात बसलेल्या गावाकडच्या माणसांवर आपण पोट दुखेपर्यंत हसतो, पण त्यातलं एकही माणूस मूर्ख वाटत नाही. एसटीत जागा धरायची सवय असलेला माणूस विमानातही तीच धरणार, यात त्याचं काय चुकलं? ही माणसं त्यांनी लांबून बघितलेली नव्हती.

दुसरे जॉनी लिव्हर. धारावीत वाढलेले, रस्त्यावर नटांच्या नकला करत पेनं विकलेले. हिंदुस्थान लिव्हरमध्ये कामाला असताना कंपनीच्या कार्यक्रमात त्यांनी साहेबांच्या नकला केल्या आणि तिथल्या कामगारांनीच हे नाव चिकटवलं. साहेब कसा चालतो हे साहेबाच्या बायकोला माहीत नसेल, पण तो येताना दिसला की बिडी लपवणाऱ्याला पक्कं माहीत असतं. आपल्या तमाशातला सोंगाड्या तेच करतो. कवलापूरच्या काळू-बाळू या जोडीने तमाशात रंगवलेले हवालदार लोकांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतले, कारण खऱ्या हवालदाराला हसायची सोय नव्हती.

नव्यांत झाकीर खान. इंदूरच्या सारंगियांच्या घरातला पोरगा. भाच्याने दाखवला तेव्हा मी मान हलवायला तयार नव्हतो. पण तो घाई करत नाही. बराच वेळ नुसता आलाप चालल्यासारखा मित्रांच्या, बापाच्या गोष्टी सांगतो आणि मग एका साध्या वाक्यावर थिएटर कोसळतं. पंच, म्हणजे हशा पिकवणारा शेवटचा टोला, कुठे येणार हे त्याच्या श्वासावरून ओळखायचा मी प्रयत्न केला. चाळीस वर्षांच्या कानांनी तीनदा मार खाल्ला.

मिक्सरपाशी बसून एक कळतं, हशे दोन जातीचे असतात. शिवीचा हशा लवंगी फटाक्यासारखा, फट्‌ झाला की संपला. दुसरा बहुतेक वेळा बाल्कनीतून सुरू होतो, खाली उतरतो, पुढच्या सोफ्यांपर्यंत पोचतो आणि विरतोय असं वाटतानाच कुणीतरी बाई पुन्हा खुदकन हसते. तिथे नटाने गप्प राहायचं असतं. नवशिका घाबरून पुढचं वाक्य हशावरच टाकतो, मग हशाही मरतो आणि वाक्यही.

आता तुमचं. विषय ऑफिसचं अप्रेझल आणि डेटिंग ॲप असेल, तर तुमच्या ओळखीचं माणूस त्यात आलंच नसेल, तुम्ही हसणार कुणाला? शिवाय थिएटर अर्धं रिकामं होतं का? रिकाम्या खुर्च्या हशा गिळतात. आमचे व्यवस्थापक बुकिंग कमी असलं की पडदा उघडायच्या आधी मागच्यांना पुढे आणून बसवायचे, ते काही प्रेमापोटी नाही. पुढच्या वेळी मुलाला छोटी जागा शोधायला सांगा, जिथे खांद्याला खांदा लागतो, आणि मधोमध बसा. तरी हसू आलं नाही तर तो दोष तुमचा नव्हे.

प्रश्न : मी लातूरचा, कॉलेजात आहे. ओपन माईकला, म्हणजे कुणालाही स्टेजवर चढून बोलता येतं अशा कार्यक्रमाला, आमच्या बोलीत बोलतो. मित्र म्हणतात, पुण्या-मुंबईत चालायचं तर भाषा सुधार.
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : अरे, वर ज्याच्याबद्दल लिहिलं ते वऱ्हाड मराठवाड्याच्याच बोलीत निघालं होतं, पुण्या-मुंबईला कुठे अडलं? पण बोली म्हणजेच विनोद असं समजू नकोस. नुसत्या हेलावर लोक हसायला लागले तर ते तुला हसतायत.

भाषेपेक्षा दम सुधार. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे पंच बहुतेकदा शेवटच्या शब्दावर, आणि नेमका तिथेच पोरांचा श्वास संपतो. माईक तोंडापासून चार बोटं धर. हशा येईल की नाही या भीतीने तो खाली नेऊ नकोस, मला मागे बसून आवाज वाढवावा लागतो आणि मग स्पीकरमधून शिट्टी वाजते. आणि कार्यक्रमाआधी साउंडवाल्याला भेट, चहा पाज.