हनिमूनला रेल्वेने युरोप: पास घ्यावा की सुटी तिकिटं?

प्रश्न थोडक्यात असा: धुळ्याचं जोडपं, फेब्रुवारीत लग्न, मे महिन्यात 18 दिवस युरोप, सगळा प्रवास रेल्वेने. लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, झुरिक, व्हेनिस, रोम, बार्सिलोना. युरेल पास (अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा एकच पास) घ्यावा की सुटी तिकिटं? रात्रीच्या गाड्या बऱ्या का? आणि शेवटी एक ओळ, "घरचे म्हणतात ग्रुप टूर करा, रेल्वेत गोंधळ होईल. खरंच होतो का?"

होतो. माझी बायको लग्नाच्या पंधराव्या दिवशी स्वित्झर्लंडमध्ये एका गाडीने एकीकडे गेली आणि मी त्याच गाडीने दुसरीकडे. तरीही रेल्वेनेच जा.

आधी यादीचं बघू. दहा शहरं 18 दिवसांत म्हणजे हनिमून नाही, इन्स्पेक्शन आहे. लंडन आजच काढून टाका. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात, नाही, त्याचा व्हिसा वेगळा, पैसे वेगळे. बार्सिलोना पार दुसऱ्या टोकाला, तेही काढा. बर्लिन आणि ॲमस्टरडॅम तुम्हाला नकाशावर जवळ दिसतात म्हणून घेतलेत, हे मला इथून कळतंय. आम्ही 2023 च्या मे महिन्यात गेलो तेव्हा पॅरिसला उतरलो आणि प्रागहून परत निघालो. मध्ये स्वित्झर्लंड, व्हेनिस, व्हिएन्ना. बस. जायचं-यायचं विमान एकाच शहराचं काढलं की शेवटचे दोन दिवस उलटं धावण्यात जातात.

आता गोंधळाचं सांगतो, कारण ही गोष्ट आमच्या नातेवाइकांत इतकी फिरली आहे की निदान एकदा खरी लिहिलेली असावी.

माझे वडील भुसावळला गार्ड होते. रेल्वेने 2022 मध्ये गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायला सुरुवात केली, पण नाना स्वतःला गार्डच म्हणतात. त्यांची लाइन बॉक्स, म्हणजे गार्डाच्या सामानाची पेटी, घेऊन मी लहानपणी प्लॅटफॉर्मवर गेलेलो आहे. लाल-हिरवे झेंडे, धोक्याच्या इशाऱ्याचे फटाके, हातबत्ती कुठल्या कप्प्यात ते मला पाठ होतं. त्यामुळे गाडीच्या बाबतीत मला कुणी काही सांगायचं नाही, अशी माझी समजूत. लग्न ठरलं तेव्हा आमचे साडूभाऊ नुकतेच 15 दिवसांत 9 देशांची बस टूर करून आले होते. साखरपुड्याच्या पंगतीत मोठ्याने म्हणाले, "तिकडे जाऊन गाडीतच बसायचं असेल तर भुसावळ-सुरत पॅसेंजर काय वाईट?" सगळे हसले. सासरेही हसले. तिथेच मी ठरवलं की बसमध्ये पाय ठेवायचा नाही.

तर इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरून लाउटरब्रुनेनला जाणारी छोटी गाडी आहे. ही गाडी त्स्वायल्युटशिनेन नावाच्या स्टेशनवर तुटते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. नावाचा अर्थच दोन ल्युटशिने. एक पांढरी नदी, एक काळी, दोन्ही तिथे मिळतात. आपल्याकडे चांगदेवला तापी-पूर्णा मिळतात तसं, फक्त पाणी थंडगार आणि स्टेशन आपल्या भादलीएवढंही नसेल. आम्ही बरोबर डब्यात बसलो होतो. वाटेत विल्डर्सविल लागलं. बाजूच्या लाइनवर दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी दिसली, शिनिगे प्लाटेच्या डोंगरावर चढणारी 1893 ची रेल्वे. नानांना फोटो पाठवायचा म्हणून मी उतरलो. वाकून दातांचा फोटो काढतोय तोवर दार बंद व्हायची टीटी वाजली. समोर जे दार होतं त्यात उडी मारली.

ते दार दुसऱ्या अर्ध्या गाडीचं होतं. दोन भागांच्या मधून जायला वाट नाही. मी निवांत होतो, म्हटलं पुढच्या स्टेशनवर डबा बदलू. त्स्वायल्युटशिनेनला उतरायचं तर समोरच्या सीटवर एक आजोबा दातेरी रुळांबद्दल काही सांगायला लागले, आणि मी रेल्वेवाल्याचा पोरगा, ऐकत बसलो. गाडी हलली तेव्हा खिडकीतून बाकीचे डबे वेगळ्या दरीत वळताना दिसले. त्यातल्या एका खिडकीत हिची जांभळी ओढणी.

दोघांची तिकिटं माझ्या खिशात. तिकडचं सिमकार्ड एकच, तेही माझ्याच फोनमध्ये. पासपोर्ट दोन्ही माझ्या पाउचमध्ये. तिच्याकडे होती माझ्या आईने दिलेल्या दशम्यांची पिशवी आणि शेंगदाण्याची चटणी.

पुढचं स्टेशन ल्युटशेनटाल. उतरलो, परतीच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो. गाड्या अर्ध्या तासाला एक. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात सासऱ्यांना तीन वेळा फोन केला. मागे आलो, गाडी बदलली, लाउटरब्रुनेनला पोहोचलो तेव्हा सव्वा तास होऊन गेला होता. ही स्टेशनबाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर कागद, कागदावर अर्धी दशमी, आणि समोर जवळजवळ 300 मीटरवरून पडणारा श्टाउबबाखचा धबधबा. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "कथा गयथा?" म्हणजे, कुठे गेला होता?

ती शहाद्याकडची. सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणी तिचे वडील सांगायचे, चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, जिथे जायचं ठरलं होतं तिथे जाऊन उभं राहायचं, दत्ताच्या मंदिरापाशी. तिने तेच केलं. टीसी आला होता. तिने खुणेने सांगितलं की नवरा दुसऱ्या तुकड्यात गेला. तो हसला आणि पुढे गेला. नेहमी असं होईल असं नाही, विनातिकीट दंड तिकडे चांगलाच बसतो.

यातून तुम्हाला कामाचं निघतं ते असं. तिकीट, पासपोर्ट, सिम ज्याचं त्याच्याकडे. नवऱ्याने सगळं सांभाळायचं ही पद्धत घरी ठेवा. आणि डब्यावरची पाटी वाचा. युरोपात तुटणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत, रात्रीच्या तर हमखास: म्युनिककडून निघालेल्या गाडीतले डबे मध्यरात्री वेगवेगळ्या देशांना जातात. शहरांची नावंही तिथल्या भाषेत असतात. व्हिएन्ना म्हणजे वीन, प्राग म्हणजे प्राहा, आणि इटलीच्या बोर्डावर 'मोनाको' लिहिलं असेल तर ते बऱ्याचदा म्युनिक असतं. व्हेनिसला जाताना मेस्त्रे स्टेशनवर उतरू नका, सांता लुचिया स्टेशनपर्यंत जा, बाहेर पाऊल टाकलं की समोर पाणी.

पासचं: पाच-सहा शहरांसाठी मला तो पटत नाही. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेचारोसा या वेगवान गाड्यांना पास असूनही सीटचं आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना ते लागत नाही. सुटी तिकिटं आधी काढली तर स्वस्त, उशिरा काढली तर विमानासारखी चढतात. वेटिंग लिस्ट, आरएसी, चार्ट हा प्रकार नाही. तरी पास घेतलाच तर फोनवरच्या पासच्या ॲपमध्ये प्रत्येक गाडीची नोंद चढायच्या आधी करायची, नंतर नाही.

रात्रीची गाडी एकच घ्या, व्हेनिस ते व्हिएन्ना. पण बर्थ बघून काढा. कुशेट म्हणजे चार किंवा सहा अनोळखी माणसांचा कूपे. हनिमूनला तो काढाल तर तुमचं तुम्ही बघा. दोघांचा स्लीपर महाग पडतो, पण एका रात्रीचं हॉटेल वाचतं.

आणि एक गाडी चुकवू नका: स्वित्झर्लंडच्या कूरहून इटलीतल्या तिरानोला जाणारी. बर्निना एक्सप्रेस नावाची काचेची गाडी आहे, तिला आरक्षण लागतं आणि वरचे पैसे. त्याच रुळांवरून साधी लोकल गाडीही जाते, तिला आरक्षण लागत नाही, काही डब्यांच्या खिडक्याही उघडतात. वाटेत सेंट मोरिट्झकडे गाडी बदलावी लागते, एवढंच. मी नानांना व्हिडिओ कॉल लावला होता. आपला कसारा घाट 1 इन 37, म्हणजे 37 फुटांत एक फूट चढ, तिथे मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावल्याशिवाय बहुतेक गाड्या चढत नाहीत. इथे चढ 70 प्रति हजार, म्हणजे 1 इन 14, दातेरी पट्टी नाही, नुसत्या चाकांच्या पकडीवर 2253 मीटरपर्यंत. नाना सारखे विचारत होते, "मागे बँकर आहे का बघ." ब्रुझियोला गाडी गोल पुलावरून स्वतःच्याच खालून जाते तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "फोन हिच्याकडे दे, तू हलवतोयस."

साडूभाऊंना मी ही गोष्ट सांगितली नव्हती. हिने बहिणीला सांगितली. आता प्रत्येक लग्नात ते विचारतात, "बायको आणली का, की ल्युटशेनटालला ठेवली?" "आमच्या टूरमध्ये मॅनेजर रोज डोकी मोजायचा," हेही सांगतात. मोजायचाच. पण त्यांनी आल्प्स पाहिले ते बसच्या खिडकीतून, अर्धे झोपेत, आणि रोज सकाळी साडेसहाला बॅगा खाली. नऊ देशांपैकी लिश्टेनश्टाइनमध्ये ते किती वेळ होते हे मी त्यांना विचारलेलं आहे. उत्तर मिळालेलं नाही.

बाकी किरकोळ. व्हिसा जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाचा, 30,000 युरोचा विमा सक्तीचा, फी आमच्या वेळी 80 युरो होती, आता 90. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदलायची घाई नको, तिकीट आणि पासपोर्ट एका नावाने असले की झालं. पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. दशम्या चालल्या. 28 इंची बॅग नको, हमाल नसतात आणि इटलीत डब्याच्या पायऱ्या उभ्या असतात.

हे लिहून झाल्यावर ही म्हणतेय की पासवर मी अन्याय केला. तिचं म्हणणं: व्हिसा हातात येईपर्यंत तुम्ही स्वस्तातली, परत न होणारी तिकिटं काढणार कशी? तेव्हा न वापरलेला पास काही रक्कम कापून परत करता येतो. हे खरं आहे. आमचा व्हिसा उशिरा आला आणि पॅरिस-झुरिकचं तिकीट आम्ही महागातच काढलं होतं. म्हणजे तारखा पक्क्या नसतील तर पास बघा. दोघांपैकी कुणाचे गुडघे दुखत असतील किंवा रोज गरम भाजी-पोळीशिवाय चालत नसेल, तर साडूभाऊंची टूरही वाईट नाही, हे मी त्यांच्यासमोर बोलणार नाही.

ग्रिंडेलवाल्ड कसं आहे ते मात्र मला विचारू नका. ल्युटशेनटालच्या पुढे मी गेलेलो नाही.