शाळेत शिकलेल्या गणिताचा रोजच्या जगण्यात खरंच काही उपयोग होतो का?

बेरीज-वजाबाकी सोडली तर बाकीचं गणित वाया गेलं, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. मला ते अजिबात पटलेलं नाही.

माझं गाव दाभोळच्या खाडीकाठी. आई सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कालवं काढायला जायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आजोबांनी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ करून घेतली होती. तिथी कळली की चालता चालता हिशोब: चौथ, चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती, नऊला सुकती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सुकती दुपारी बाराला. त्यावर तिचा स्वयंपाक, आमची आंघोळ, सगळं ठरायचं. वद्य पक्षातही हिशोब तोच.

सातवीत मी हे वर्गात सांगितलं. गुरुजी म्हणाले, "हा अंदाज झाला, याला गणित म्हणत नाहीत." वर्ग हसला. घरी जाऊन आईला सांगायची हिंमत झाली नाही.

तर गुरुजी, हे बघा. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी. पुन्हा चंद्रासमोर यायला पृथ्वीला तेवढं जास्त फिरावं लागतं, आणि एक अंश फिरायला तिला ४ मिनिटं लागतात. बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणून दर तिथीला भरती ४८ मिनिटं पुढे जाते. आई ४५ धरायची, कारण पाऊणकी तोंडी जमते. तिथीमागे ३ मिनिटं कमी पडतात, पुनवेपर्यंत ती ४५ होतात आणि उत्तर सव्वाअकरा येतं. म्हणूनच आई पुनवेला-अवसेला सरळ बारा धरायची. सोपं सूत्र वापरायचं, ते कुठे किती चुकतं हे ठाऊक ठेवायचं आणि तिथे दुरुस्ती करायची. हे गणित नाही तर काय आहे? केल्विन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८७२ साली भरतीचं भाकीत करणारं यंत्र बनवलं, तेही अनेक लहरींची बेरीजच करत होतं. आईने त्यातली सगळ्यात मोठी तेवढी धरली होती.

अकरावीतला साइनचा आलेखही इथलाच. पाणी सहा तास सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर तासागणिक साधारण १, २, ३, ३, २, १. निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच येतं, आणि कातळावर फोटो काढत बसलेले पाहुणे अडकतात ते तेव्हाच.

किनाऱ्यावरच्या शाळेत नळ आणि टाकीचीच उदाहरणं घालणाऱ्या शिक्षकांचा मला राग येतो. पोरांना धक्क्यावर न्या, खांबावर खडूने खुणा करा, तासातासाला पाणी मोजू द्या. आणि ज्याच्या घरी हा हिशोब तोंडी चालतो, त्या पोराला आधी बोलू द्या.

कर्जाचे हप्ते, विमा वगैरेंबद्दल इतर लोक लिहितीलच. एक मात्र सांगायला हवं: पाऊणकी प्रत्येक बंदराला जशीच्या तशी लागत नाही. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती लहान असते तेव्हा) आणि जोराच्या वाऱ्यात वेळ आणखी हलते. पोहायला किंवा होडीने जायचं असेल तर त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रकच बघा.