वाचकांचे प्रश्न : हळदीचा कागद, विझलेली मेणबत्ती आणि बाराची सावली

प्रश्न : चौथीच्या वर्गात हळदीचे कागद केले. साबणाच्या पाण्याने ते लाल व्हायला हवेत, पण निम्म्या गटांचे पिवळेच राहिले. खायच्या सोड्याने तर रंग बदलल्यासारखा वाटलाच नाही. मुलं हिरमुसली. कुठं चुकलं?
— एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, तासगाव तालुका

उत्तर : बाई, आधी मुलांनी घरून आणलेला ‘साबण’ कुठला होता ते विचारा. भांड्यांचं लिक्विड, शाम्पू, फेसवॉश यांतले बरेचसे मुळात साबण नसतातच. हळद लाल होते ती आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या द्रवाने. हे मात्र उदासीन (ना आम्ल, ना आम्लारी) किंवा किंचित आम्लधर्मी असतात, त्यामुळे त्यांच्या थेंबाने हळद पिवळीच राहते. कपडे धुवायची वडी किसून कोमट पाण्यात विरघळवा आणि तेच पाणी सगळ्या गटांना द्या.

खायच्या सोड्याचं द्रावण फारच सौम्य आम्लारी. हळदीचा रंग जिथून बदलायला लागतो, त्याच्या उंबरठ्यावर ते असतं. त्यामुळे फार तर नारिंगी झाक येते आणि वर्गाच्या अंधूक उजेडात तीही दिसत नाही. त्याऐवजी धुण्याचा सोडा घ्या, पेलाभर पाण्याला अर्धा चमचा. किंवा पानाला लावायचा चुना हरभऱ्याएवढा घेऊन पेलाभर पाण्यात ढवळा, दोनेक तास हलवू नका आणि वरची निवळी वापरा. चुना आणि धुण्याचा सोडा डोळ्यांना घातक आहेत, म्हणून ही द्रावणं तुम्हीच करा. मुलांच्या हाती फक्त काडीच्या टोकावरचा थेंब.

आता कागद. हळदीतलं रंगद्रव्य, कुर्कुमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हळद पाण्यात कालवून, ती खाली बसल्यावर वरच्या पाण्यात कागद बुडवला तर त्यावर रंग फार कमी चढतो. चहाच्या १ चमचा हळदीला ३ चमचे पाणी घेऊन सरसरीत लेप करा, टीपकागदावर किंवा गुळगुळीत नसलेल्या चित्रकलेच्या कागदावर बोटाने सारवा, सुकल्यावर सुटी पूड झटका. वाळवायचं सावलीत. उन्हात हळद विटते, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. बोटभर लांबीच्या पट्ट्या कापून बंद डब्यात ठेवा.

सर्वांत जास्त घोळ काडीने होतो. चुन्यातली काडी लिंबात गेली की पुढचा एकही निकाल भरवशाचा राहत नाही. प्रत्येक द्रवाला वेगळी काडी द्या आणि तिला रंगीत दोरा बांधा. निवळीचा थेंब पडताच मधोमध विटकरी ठिपका उठतो आणि कडेने पसरत जातो, ते मुलांना डोळे जवळ न नेता, पण नीट बघू द्या. मग विचारा, आता याच ठिपक्यावर लिंबाचा थेंब टाकला तर? प्रत्येकाचा अंदाज पाटीवर लिहून झाल्याशिवाय थेंब टाकू नका. ठिपका पुन्हा पिवळा होतो. एखादं मूल आजीकडून ऐकलेली हळद-चुन्याच्या कुंकवाची गोष्ट सांगेल, तेव्हा पाठ तिथंच थांबवून ती ऐका.

प्रश्न : ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती लावून वर पेला पालथा घातला की पाणी चढतं. ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असं आम्ही सांगतो. बरोबर ना?
— एक शिक्षक, मिरज

उत्तर : नाही, सर. हे स्पष्टीकरण इतकं रुळलंय की त्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही. पेल्यातला ऑक्सिजन संपत नाही. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो आणि १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होऊन रिकाम्या झालेल्या जागेपैकी बरीचशी भरून काढतो.

खरं कारण प्रयोगातच दिसतं. पेला खाली आणताना ज्योतीने आतली हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर पडते. काठाशी बुडबुडे दिसतात ते तिचेच. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. पाण्याची मोठी उडी विझल्यानंतरच येते. ऑक्सिजन कमी होणं हे कारण असतं तर ज्योत जळत असतानाच पाणी हळूहळू चढत राहिलं असतं.

वर्गात पडताळा घ्यायला एक, मग दोन, मग तीन मेणबत्त्या लावा. पेला, पाणी तेच. दर वेळी पाणी जास्त चढतं. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच होता! दुसरा पडताळा ज्योतीशिवाय. काचेचा पेला गरम पाण्याने विसळून लगेच ताटलीतल्या गार पाण्यात पालथा घाला, पाणी थोडं चढेल. उकळतं पाणी नको, काच तडकते. मेणबत्ती बुडाशी मेणाने घट्ट चिकटवा आणि पाणी बोटाच्या पेरापेक्षा कमी ठेवा. तिसरीच्या मुलांना ‘गरम हवा फुगते, गार झाली की आकसते’ एवढं पुरे.

प्रश्न : माझी मुलगी विचारते, बारा वाजता सावली पायाखाली का येत नाही?
— एक पालक, सातारा

उत्तर : साताऱ्याचं मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. आपली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि सातारा सुमारे ७४ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सरासरी ३४ मिनिटांचा उशीर. ऋतूप्रमाणे सूर्य पुढे-मागे होतो, म्हणून सर्वांत आखूड सावली १२.१८ ते १२.४८ च्या दरम्यान कधीतरी पडते. तीही एरवी पूर्ण नाहीशी होत नाही. सूर्य अगदी डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, साताऱ्यात १० मे आणि २-३ ऑगस्टच्या सुमारास. मेमध्ये सुट्टी आणि ऑगस्टमध्ये ढग, हीच अडचण. ढग फाटले तर बघा.

एरवीही मोजता येतं. फूटभर सरळ काठी सपाट जागी ओळंबा लावून रोवा आणि १२ ते १ दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. उतारावर मापं बिघडतात. काठी जाड असेल तर टोक पुसट पडतं. सायकलच्या चाकाची तार चांगली, वरच्या टोकाला मातीची गोळी लावून.

प्रश्न : कापसावर टाकलेले हरभरे कुजतात. पाणी तर रोज घालतो!
— इयत्ता चौथी, सांगली

उत्तर : म्हणूनच कुजतात. बुडालेल्या बीला हवा मिळत नाही. रात्रभर भिजवा, पाणी ओता, ओल्या कापसावर ठेवा आणि कापूस दाबल्यावर थेंब पडणार नाही इतकाच ओला राहू द्या. एक वाटी मुद्दाम बुडवलेली शेजारी ठेवा आणि चार दिवस दोन्हींचा वास घेऊन वहीत लिहा.