वाचकांचे प्रश्न : इवल्या मोटारी, जिवंत स्नायू

प्रश्न : 10 मिमी व्यासाची मोटर तयार आहे आणि चालते. तीच रचना दहापट लहान करून कॅथेटरच्या (शरीरात घालायच्या बारीक नळीच्या) टोकात बसवली, तर टॉर्कही (फिरवणारा जोरही) दहापटच कमी होईल ना?

नाही. कायमचुंबकाचं क्षेत्र आकार घटला तरी तेवढंच राहतं, पण तारेचा छेद शंभरपट घटतो, क्षेत्रातली तिची लांबी दहापट आणि आसापासूनचं अंतर आणखी दहापट. प्रवाहघनता (छेदाच्या दर एककातून जाणारा प्रवाह) तीच ठेवली तर टॉर्कचा दहा हजारावा हिस्सा हातात उरतो. थोडी भरपाई होते. लहान वस्तूचं पृष्ठफळ घनफळाच्या मानाने मोठं असल्याने उष्णता लवकर निघून जाते, म्हणून प्रवाहघनता साधारण तिप्पट चढवता येते. पण शरीरात बसवायच्या उपकरणांच्या मानकानुसार बाहेरचा पृष्ठभाग 37 अंश सेल्सिअसच्या वर 2 अंशांहून जास्त तापता कामा नये, आणि ही अट त्या भरपाईतला बराच वाटा खाऊन टाकते.

1959 साली रिचर्ड फाइनमन यांनी इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या घनात मावणाऱ्या मोटरीसाठी 1000 डॉलरचं बक्षीस लावलं होतं. पुढच्याच वर्षी विल्यम मॅक्लेलन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हाताने ती बनवून दाखवली. मोटर फिरली, पण तिच्यावर ओझं काहीच नव्हतं. तुमच्या मोटरीला मात्र काम करायचं आहे, म्हणून हिशोब ओझ्यापासून सुरू करा.

समजा, औषध ढकलणारा 1 मिमी व्यासाचा दट्ट्या 50 किलोपास्कल दाबाविरुद्ध सरकवायचा आहे. बल होतं सुमारे 39 मिलीन्यूटन. 0.2 मिमी पिचचा (एका फेऱ्यात तेवढा सरकवणारा) स्क्रू वापरला आणि त्याची कार्यक्षमता 25 टक्के धरली, तर स्क्रूवर साधारण 5 मायक्रोन्यूटन-मीटर टॉर्क लागतो. यात सीलचं घर्षण धरलेलं नाही. या मापात ओ-रिंगचं (गळती रोखणाऱ्या रबरी कड्याचं) घर्षण दाबाच्या बलापेक्षा सहज मोठं निघतं, म्हणून रिंग बसवलेला दट्ट्या आधी हाताने सरकवून बल मोजा आणि मगच मोटर निवडा. फिरत्या दांड्याला सील लावणं शक्यतो टाळाच. बंद भिंतीआरपार चुंबकीय कपलिंगने फिरवलेलं बरं.

प्रश्न : पीझो मोटर टेबलावर झकास चालते, सलाइनमध्ये बुडवली की थांबते. काय तपासू?

पीझो सिरॅमिक वीज दिली की किंचित लांबतं, आणि ही वाढ लांबीच्या जेमतेम 0.1 टक्का असते. 1 मिमीचा तुकडा 1 मायक्रोमीटर लांबतो. म्हणजे मोटर चालते ती याच इवल्या हिसक्यांच्या बेरजेवर. सेकंदाला हजार हिसके, प्रत्येक हिसक्याला 1 मायक्रोमीटर, तर वेग सेकंदाला 1 मिमी. प्रत्येक हिसका घर्षणाने पुढे पोचतो आणि सलाइन नेमकं ते घर्षणच काढून घेतं.

आधी वीज बंद करून इलेक्ट्रोडांमधला रोध मोजा. कोरड्या स्थितीपेक्षा खूप उतरला असेल तर द्रव आत झिरपतोय. सिरॅमिकवर 5 ते 10 मायक्रोमीटर पॅरिलीन (पातळ संरक्षक प्लॅस्टिकचा लेप) चढवा, पण लेप देताना घासणारी जागा झाकून ठेवा, नाहीतर लेपच झिजून कचरा होतो. पीझेडटी या नेहमीच्या पीझो सिरॅमिकमध्ये शिसं असतं, त्यामुळे लेप इथे ऐच्छिक नाहीच. रोध ठीक असेल तर अनुनादाची वारंवारता (जिथे मोटर सर्वांत जोरात थरथरते ती) हवेत आणि द्रवात वेगवेगळी मोजा. द्रवात ती खाली सरकते आणि शिखर बसकं होतं. ठरावीक वारंवारतेचा ड्रायव्हर मग चुकीच्या जागी ढकलत बसतो. शेवटी स्प्रिंगचा पूर्वदाब थोडा थोडा वाढवत जा. कमी दाबात रोटर घसरतो, जास्त दाबात जाम होतो आणि मधली पट्टी अरुंद असते.

प्रश्न : मग औषध ढकलणारा तोच पंप प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूने का चालवू नये? ना गिअर, ना गुंडाळी.

कल्पना चांगली आहे, अडचण खाण्यापिण्याची आहे. शरीरातला कंकालस्नायू दर चौरस मिलिमीटरला 0.2 ते 0.3 न्यूटन, म्हणजे 200 ते 300 किलोपास्कल ओढतो. संवर्धित ऊती त्याच्या कितीतरी मागे असते. 10 किलोपास्कल धरू, तेही उदार मनाने. वरच्या 39 मिलीन्यूटनसाठी सुमारे 4 चौरस मिमी छेद, म्हणजे 2.2 मिमी जाडीचा दोर लागेल. पण रक्तवाहिन्या नसलेल्या ऊतीत ऑक्सिजन पृष्ठभागापासून 0.15 ते 0.2 मिमीच शिरतो, त्यामुळे एवढ्या जाड दोराचा गाभा मरतो. 0.4 मिमी जाडीच्या पट्ट्या घेतल्या तर प्रत्येकीकडून 1.25 मिलीन्यूटन, म्हणजे एकतीस पट्ट्या आणि त्यांच्यामधून वाहता पोषक द्रव. त्यामुळे झडप उघडणं, पातळ पडदा हलवणं, पोहणं अशी हलकी कामंच सध्या शोभतात. 2016 साली हार्वर्डच्या किट पार्कर यांच्या गटाने उंदराच्या सुमारे 2 लाख हृदयपेशींवर पोहणारा, प्रकाशाने वळणारा 16 मिमीचा कृत्रिम स्टिंग-रे मासा बनवला.

प्रश्न : सी2सी12 पेशींची (उंदराच्या स्नायूपेशींचा प्रयोगशाळेतला वाण) पट्टी दोन पीडीएमएस (सिलिकॉन रबर) खांबांवर ओततो. चौथ्या दिवशी ती मध्येच बारीक होऊन तुटते. तुटली नाही तर आकुंचनच पावत नाही.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी कृती पडताळून पाहा. एका पट्टीसाठी 150 मायक्रोलिटर मिश्रण घ्या. त्यात 15 लाख पेशी, 0.6 मिग्रॅ फायब्रिनोजेन (रक्ताची गुठळी बनवणारं प्रथिन), 45 मायक्रोलिटर मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारं जेल) आणि अगदी शेवटी 0.3 युनिट थ्रॉम्बिन (फायब्रिनोजेनचं घट्ट फायब्रिन करणारं विकर). सगळं बर्फावर, पिपेटची टोकंसुद्धा थंड. थ्रॉम्बिन पडल्यावर हात थांबवू नका. ट्यूबमध्येच गुठळी धरली तर पट्टीत गाठी राहतात आणि पुढे तिथेच तुटते. साचा आधी प्लुरोनिकने (चिकटू न देणाऱ्या रसायनाने) धुतलेला असावा, म्हणजे जेल भिंतीला न चिकटता खांबांवर आवळेल.

चौथ्या दिवशी बारीक होणं हे बहुतेकदा पेशींनी फायब्रिन पचवल्याचं लक्षण. माध्यमात (पेशींच्या पोषक द्रवात) फायब्रिन पचू न देणारं अमिनोकॅप्रोइक आम्ल 1 मिग्रॅ प्रति मिली ठेवा आणि प्रत्येक बदलाला नव्याने घाला. पहिल्या दिवशी घालून पुढे विसरणं ही नेहमीची चूक. तरीही तुटत असेल तर पेशींची संख्या एक तृतीयांशाने उतरवा.

आकुंचन नसेल तर दोष सहसा ओतण्याच्या आधीचा असतो. बशीत पेशी एकमेकींना भिडेपर्यंत वाढू दिल्या तर त्या तिथेच जुळायला लागतात आणि चांगले मायोब्लास्ट (स्नायू घडवणाऱ्या पेशी) हातचे जातात. 60-70 टक्के बशी भरली की उचला, आणि जुन्या पॅसेजच्या (पुष्कळदा नव्या बशीत हलवलेल्या) पेशी वापरू नका. दोन दिवसांनी वाढीचं माध्यम काढून 2 टक्के घोड्याचं सीरम असलेलं माध्यम द्या, आणि आणखी किमान पाच दिवस जाऊ द्या.

चाचणीला कार्बनचे इलेक्ट्रोड, दर मिमीला साधारण 1 व्होल्ट, 10 मिलिसेकंदांचे स्पंद, सेकंदाला एक. स्पंद आलटून पालटून धन-ऋण द्या. एकाच दिशेचे दिले तर बुडबुडे येतात, आम्लता बिघडते आणि पेशी विद्युतविच्छेदनाने मरतात.

बल मोजायला वेगळा सेन्सर लागत नाही. 1 मिमी जाड, 4 मिमी उंच खांब, पीडीएमएसचा यंग गुणांक 1.8 मेगापास्कल आणि पट्टी टोकाशी असेल, तर टोक 1 मायक्रोमीटर झुकणं म्हणजे सुमारे 4 मायक्रोन्यूटन. पट्टी खाली घसरली की हा आकडा खोटा ठरतो, कारण खांबाची ताठरता उंचीच्या घनाने बदलते. म्हणून खांबाला वर टोपी ठेवा.

प्रश्न : तयार उपकरण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) टाकता येईल का?

आत काय आहे त्यावर. साधे निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या वर कायमची ताकद गमावू लागतात, म्हणजे 121 अंशांना ते गेलेच, समेरियम-कोबाल्ट टिकतात. पीझोचं ध्रुवीकरण (ज्याच्या जोरावर तो लांबतो) क्युरी तापमानाच्या, म्हणजे ते पुरतं नाहीसं होतं त्या तापमानाच्या, निम्म्यापर्यंत सुरक्षित मानतात, आणि काही मऊ प्रकारांत क्युरी तापमान 200 अंशांच्या आतबाहेर असतं, तेव्हा तिथे इथिलीन ऑक्साइड (निर्जंतुक करणारा वायू) बरा. जिवंत पट्टीला शेवटचं निर्जंतुकीकरण नाहीच. बाकीचे सगळे भाग आधी निर्जंतुक करून जोडणी निर्जंतुक कपाटात करावी लागते. इथिलीन ऑक्साइड वापरला असेल तर पीडीएमएस पुरेसा वेळ हवेशीर ठेवा. त्यात मुरलेला वायू पेशींना मारतो, आणि दोष मग उगाच सीरमवर जातो.