ठसका थांबला, म्हणजे गिळणे सुधारले का?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६२) जिभेच्या मुळाशी कर्करोग झाला होता. रेडिएशन व केमोथेरपी संपून ३ महिने झाले. पाणी पिताना जोराचा ठसका लागत असे, म्हणून आम्ही सर्व आहार नाकातील नळीनेच देत आलो. परवा त्यांनी हट्टाने चहाचे दोन घोट घेतले, तर ठसका मुळीच लागला नाही. आता नळी काढावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यावर विसंबून नळी काढू नये. रेडिएशनमुळे घशाची संवेदनाही बोथट होऊ शकते. अशा वेळी घोट श्वासनलिकेत उतरला तरी खोकला येत नाही आणि घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. खात्री तपासणीनेच होते. बेरियम मिसळलेला घास गिळताना तो कोठे जातो हे एक्स-रेच्या पडद्यावर पाहतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. त्यासाठी कर्करोग रुग्णालयातील स्पीच थेरपिस्टना भेटावे. त्यांचे काम बोलण्यापुरतेच असते, हा समज आपल्याकडे उगाच रूढ झाला आहे.

पाणी पातळ असल्याने, स्वरयंत्र वर उचलले जाऊन श्वासाची वाट बंद होण्याआधीच ते घशात पोहोचते. म्हणून काहींना पाण्यापेक्षा गुरगुट्या भात सोपा जातो; परंतु जिभेच्या मुळाचा जोर कमी असेल तर तोच भात घशात साचून राहतो, तेव्हा सगळेच पदार्थ आपल्या मनाने दाट करू नयेत. हनुवटी खाली झुकवून गिळण्याची युक्तीही सर्वांना लागू पडत नाही.

तोंडाने काहीच न देणे आपण काळजीपोटी केले, हे समजते; पण न वापरलेले स्नायू दुबळे होतात, आणि रेडिएशनने येणारा ताठरपणा काही वर्षांनंतरही वाढू शकतो. त्यामुळे नळी असली तरी थेरपिस्टनी शिकवलेले गिळण्याचे व तोंड उघडण्याचे व्यायाम रोज व्हायला हवेत. तोंडाने खात नसले तरी दात व जीभ दिवसातून दोनदा स्वच्छ करावी, कारण तोंडातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. ताप, धाप किंवा वाढलेला कफ दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.