एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर याच्या समग्र कविता वाचायच्या आहेत. कुठली आवृत्ती घ्यावी? त्यातल्या गुलामगिरीविरोधी कविता प्रचारकी म्हणतात, त्या वगळल्या तर चालेल का?

नाही चालणार. त्या वगळायच्या असतील तर समग्र कशाला घेता? ‘स्नो-बाउंड’ ही ७५९ ओळींची कविता सुटी मिळते, ती वाचा आणि मोकळे व्हा.

आवृत्ती म्हणाल तर होटन मिफ्लिनची १८८८-८९ची रिव्हरसाइड आवृत्ती. सात खंड, पैकी पहिले चार कवितांचे, उरलेले तीन गद्याचे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मजकूर फुकट आहे. ऐंशीच्या घरातल्या व्हिटियरने ती स्वतः लावली आणि बऱ्याच कवितांच्या डोक्यावर टिपा लिहिल्या. या टिपांसाठीच ती घ्यायची. ‘स्किपर आयर्सन्स राइड’मध्ये बुडत्या जहाजाला टाकून पळालेल्या कप्तानाला गावातल्या बाया डांबर फासून गाडीतून फिरवतात. दोष कप्तानाचा नव्हता, खलाशांनीच थांबायला नकार दिला होता, असं एका स्थानिक इतिहासकाराने पुढे दाखवून दिलं. व्हिटियरने कविता बदलली नाही, पण चूक कबूल करणारं आपलं पत्र तिच्यावर छापलं. जुन्या स्वस्त आवृत्त्यांत हे नसतं.

आता यातली गोम. मांडणी सालवार नाही, विषयवार आहे. पहिल्या खंडात कथाकाव्यं, दुसऱ्यात निसर्ग, आठवणी आणि धार्मिक कविता, तिसऱ्यात गुलामगिरीविरोधी आणि श्रमाची गाणी, चौथ्यात व्यक्तिपर आणि प्रासंगिक. म्हणून लोकांना वाटतं, तिसरा खंड बाजूला ठेवला की प्रचार संपला. पण या विषयावरची त्याची सगळ्यात धारदार कविता तिसऱ्या खंडात नाहीच. ‘इकाबॉड’ चौथ्या खंडात आहे, व्यक्तिपर कवितांत.

तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ‘प्रचारकी’ हा शब्द तिथेच निकालात निघतो. ७ मार्च १८५० रोजी मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर डॅनिएल वेबस्टर सिनेटमध्ये उभा राहिला आणि पळालेले गुलाम परत धरून देण्याच्या कायद्याच्या बाजूने बोलला. उत्तरेकडच्या लोकांचा हा दैवतासारखा माणूस. सप्टेंबरात कायदा झाला. पळालेल्याला आसरा दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निवाडा करणाऱ्या कमिशनरला माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर आणि सोडून दिला तर पाच.

व्हिटियरने कायदा होण्याआधीच, मे महिन्यात, कविता छापली. नऊ कडवी, छत्तीस ओळी, एक लांब आणि एक आखूड अशा. वेबस्टरचं नाव एकदाही नाही. गुलाम, त्यांच्या साखळ्या, चाबूक यांचं वर्णन नाही. शिवी तर नाहीच, उलट त्याची निंदा करू नका म्हणतो. शीर्षक बायबलमधलं आहे, अर्थ ‘वैभव गेलं’. आणि शेवट नोहाच्या गोष्टीतला: बाप दारूच्या नशेत उघडा पडलाय, मुलं पाठमोरी चालत येतात आणि न बघता त्याच्यावर वस्त्र टाकतात. वेबस्टरची लाज तशी झाका, एवढंच म्हणून कविता थांबते. चिखलफेक परवडली असती. जिवंत माणसावर मर्तिकाची कविता लिहिली आहे ही. वेबस्टर गेला १८५२मध्ये.

तिच्या लगेच पुढे ‘द लॉस्ट ऑकेजन’ ठेवली आहे. ती १८८०ची, तीस वर्षांनंतरची. वेबस्टर यादवी युद्धापर्यंत जगता तर संघराज्याच्या बाजूने लढला असता, असं ती म्हणते. दोन्ही एका बैठकीत वाचा. जुनं एकखंडी पुस्तक समग्र म्हणून कुणी विकत असेल तर अनुक्रमणिकेत आधी ‘द लॉस्ट ऑकेजन’ शोधा. नसेल तर ते १८८०च्या आधीचं किंवा नुसती निवड. १८९०चा ‘ॲट सनडाउन’ हा शेवटचा संग्रहही पाहिजे असेल तर हॉरेस स्कडरने संपादलेली १८९४ची एकखंडी केंब्रिज आवृत्ती बघा. दोन स्तंभ, बारीक टाइप, डोळ्यांची वाट लागते.

तिसऱ्या खंडात ‘मॅसॅच्युसेट्स टु व्हर्जिनिया’ चुकवू नका. १८४२मध्ये जॉर्ज लॅटिमर हा पळून आलेला गुलाम बॉस्टनमध्ये पकडला गेला, त्यावरची ही. शेवटी ४०० डॉलर मोजून त्याला सोडवावं लागलं. गुलामगिरीविरोधी भागाच्या शेवटाकडे ‘लाउस डेओ’ आहे, गुलामगिरी रद्द करणारी दुरुस्ती काँग्रेसने मंजूर केल्याच्या घंटा ऐकून लिहिलेली, १८६५ची. आणि हा माणूस उंटावरून शेळ्या हाकणारा नव्हता. फिलाडेल्फियातला गुलामगिरीविरोधकांचा पेनसिल्व्हेनिया हॉल १४ मे १८३८ला उघडला आणि १७ला जमावाने जाळला. व्हिटियरच्या वर्तमानपत्राची कचेरी त्याच इमारतीत होती. ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या याच चळवळीतल्या लोकांना अर्पण करणाऱ्या जोतीरावांच्या भाषेत ‘प्रचारकी’ म्हणून नाक मुरडणारे निघावेत, याचा मला राग येतो.

पण भक्तीही नको. पहिल्या खंडात ‘द पाइप्स ॲट लखनौ’ आहे, १८५८ची. १८५७च्या उठावात लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांना सुटकेला येणाऱ्या स्कॉटिश पलटणीचे पाइप ऐकू येतात, आणि बाहेरचे आपले लोक म्हणजे वाघ आणि साप. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातला, युद्धविरोधी, गुलामांचा कैवारी, आणि १८५७मध्ये त्याला दिसली फक्त आतली माणसं. दुसऱ्या खंडातली ‘द ब्रूइंग ऑफ सोमा’ (१८७२) त्यामानाने मजेशीर. माथ्यावर मॅक्स म्यूलरच्या अनुवादातली वैदिक ओळ, मग सोमपानाचं वर्णन, मग चर्चमधल्या गोंगाटाला तोच कैफ म्हणून टोला. हिचीच शेवटची कडवी कापून इंग्रजी चर्चमधलं एक अतिशय लाडकं गीत झालं. व्हिटियर ज्यांच्यातला त्या क्वेकरांच्या सभेत मात्र माणसं गप्प बसत, गाणी म्हणत नसत.

बरंचसं लेखन पसरट आहे, शेवटच्या कडव्यात तात्पर्य चिकटवायची खोड आहे, हे मान्य. आणि तो गोरा माणूस, गुलामांबद्दल बोलतो. त्याच चळवळीतला कृष्णवर्णीयांचा स्वतःचा आवाज हवा तर फ्रान्सिस हार्परच्या कविता शेजारी ठेवा. व्हिटियरची पत्रंही आहेत, जॉन पिकार्डने संपादलेले तीन खंड, हार्वर्ड, १९७५. ती विकत घेऊ नका, ग्रंथालयातून आणा.