मुलांना कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मोठं चर्च, दाखवायला पहिल्यांदाच नेताय?

आधी बाहेरून एक फेरी मारा, लगेच आत शिरू नका. भिंतींना बाहेरून टेकलेल्या त्या उडत्या कमानी मुलांना नीट पाहू द्या. दगडी छताचा रेटा त्या बाहेरच्या खांबांवर घेतात, म्हणून भिंतीत एवढ्या मोठ्या खिडक्या बसतात. हे कळलं की आत गेल्यावर रंगीत उजेड बघून मुलं आपणहून गप्प होतात. मला तो क्षण फार आवडतो.

फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलला जाणार असाल तर दुर्बीण न्याच, वरच्या रंगीत काचांवरची चित्रं नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. 1194च्या आगीनंतर ते पुन्हा उभं राहिलं, आणि बऱ्याच काचा तेराव्या शतकातल्याच आहेत. दोन्ही महायुद्धांत त्या उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या, हे मुलांना जरूर सांगा. खिडकीतली गोष्ट बहुधा खालून वर वाचायची असते. एका गटाला एकच खिडकी द्या. सगळं दाखवायच्या नादात काहीच मनात राहत नाही.

प्रार्थनेच्या वेळा मात्र आधी विचारून घ्या, तेव्हा फिरणं बंद असतं. आणि मार्गदर्शकाला मुलांचं वय आधीच कळवा.